जत ते विश्रामबाग : मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं वर्ष

माझ्या मुलीला सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शाखेला प्रवेश मिळाला. तिचं पहिलं सत्र आता संपलं, दाखल्यांची फाईल एकदाची कपाटात गेली. पण गावातून, नात्यातून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच : "ताई, तुम्ही कसं केलं सगळं? आमच्या पोरीलाबी घालायचंय." फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून क्रमाने लिहून काढते आहे.

मी जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. घरची शेती कोरडवाहू, आता कुठे थोडं पाणी आलेली. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला गेलेली ही पहिलीच. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी वेगवेगळं सांगितलं आणि त्यातलं निम्मं जुन्या नियमांचं होतं. इथे मी फक्त आमच्या बाबतीत जे घडलं तेच लिहिते. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा सीईटी सेलची, म्हणजे प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाची, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीलाही ती नीट समजते, आमच्या मुलीनेच मला वाचून दाखवली.

आम्ही ओबीसी. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी लागते. २०२४ च्या पावसाळ्यात मुलगी बारावीत गेली तेव्हा तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या एका सरांनी वर्गात बजावून सांगितलं की ज्यांना राखीव जागेतून जायचंय त्यांनी आत्ताच अर्ज करा, निकालानंतर पळापळ नको. त्या सरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पुढे जुलै महिन्यात सेतू केंद्राबाहेर हातात नुसती अर्जाची पावती घेऊन रडकुंडीला आलेले पालक मी बघितले. आपली पोरगी त्या रांगेत नाही, यानेच मला धीर आला.

व्हॅलिडिटीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कॉलेजचं पत्र आणि कागदपत्रांची प्रत जोडून जिल्ह्याच्या समितीकडे द्यायची. सांगलीत हे कार्यालय जुना बुधगाव रोडवरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. सोबत दोन शपथपत्रं लागतात : नमुना ३, त्यात वंशावळ असते, आणि नमुना १७, त्यात कागद खरे असल्याचं लिहून द्यायचं असतं. सगळ्यात अवघड काम पुराव्याचं. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद दाखवावा लागतो. मुलीच्या वडिलांचा जन्मच त्यानंतरचा. राहिले माझे सासरे.

सासरे चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मिळेल का, इथून सुरुवात. मुख्याध्यापकांनी लोखंडी पेटी उघडली. वरची रजिस्टरं बाजूला काढली, खालच्याला वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातलेला होता, तो पार चुरा झालेला. पानांच्या कडा तपकिरी, पण शाई जशीच्या तशी. सर बोट फिरवत खाली आले आणि थांबले. १९५५ साल. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण : सतत गैरहजर. सासरे शेजारीच उभे होते. त्यांनी मला तो रकाना पुन्हा वाचायला लावला, मग म्हणाले, "म्हसरं कोण राखणार हुतं?" आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. मुख्याध्यापकांनी उतारा लिहून सही-शिक्का करून दिला. नातीचा प्रवेश त्याच एका ओळीवर उभा आहे.

त्या नोंदीत आडनाव नव्हतं. जुन्या रजिस्टरांत असं बरेचदा असतं, घाबरू नका. समितीकडून 'त्रुटी' म्हणून निरोप आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण त्यांना एवढंच हवं होतं की रजिस्टरमधला माणूस आणि वंशावळीतला माणूस एकच आहे. त्यासाठी शपथपत्र आणि सासऱ्यांच्या नावाचा जमिनीचा जुना फेरफार जोडला. निरोप मोबाइलवर आणि मेलवर येतो, म्हणून अर्जात स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच मेल घाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॅलिडिटी हातात आली. बारावीची परीक्षा तोंडावर होती, मुलीला दाखवली तर म्हणाली, "आई, आता केमिस्ट्री करू दे." बरोबर होतं तिचं.

बारावीचा निकाल ५ मे २०२५ ला लागला, सीईटीचा १६ जूनला. या मधल्या काळात बाकीचे दाखले काढून ठेवले : वय-अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि ओबीसी राखीव जागेसाठी लागणारं नॉन क्रिमीलेअर. इथे बहुतेकांची गल्लत होते. नॉन क्रिमीलेअरसाठी आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, तो दाखला प्रांत कार्यालयातून निघतो आणि आमच्या वर्षी त्यावर ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असल्याचं असावं लागत होतं, म्हणजे प्रवेशाचं आर्थिक वर्ष संपेपर्यंत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, त्यात सगळं उत्पन्न येतं, आणि फी माफीसाठी तो लागतो. एक आहे म्हणून दुसरा नको, असं होत नाही. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या तोंडावर सेतूला मुंगी शिरायला जागा नसते. मे महिन्यात उन्हाचं गेलं तर काम लवकर होतं.

सीईटीला मुलीला सत्त्याण्णवच्या वर पर्सेंटाइल आले. घरात पेढे वाटले, पण मला त्या आकड्याचा अर्थच लागत नव्हता. हे चांगलं का पुरेसं? मग मुलीने मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या काढल्या. त्यात प्रत्येक शाखेखाली इंग्रजी अक्षरांचे रकाने असतात. सुरुवातीला 'एल' असेल तर ती मुलींसाठीची राखीव जागा, 'जी' असेल तर सर्वांसाठीची, मधे प्रवर्ग, आणि शेवटी 'एच' असेल तर आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठीची. सांगली, सातारा, कोल्हापूर हे शिवाजी विद्यापीठाचं क्षेत्र. आमच्यासाठी 'एलओबीसी'ने सुरू होणारे रकाने महत्त्वाचे. बरेच पालक नुसता खुल्या जागेचा आकडा बघतात आणि चांगलं कॉलेज यादीतूनच वगळतात. असं करू नका.

जूनअखेरीला कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी सुरू झाली. तालुक्याच्या एका नेट कॅफेत फॉर्म भरायला दिला आणि त्या माणसाने मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. म्हणे, ओटीपीसाठी तुम्हाला सारखं बोलवायला नको. सोयीचं वाटावं असंच तो बोलला, पण पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार, पर्यायांचा फॉर्म त्याच्याशिवाय उघडणार नाही, हे मुलीच्या लक्षात आलं आणि तिने तिथेच हट्ट धरून नंबर बदलून घेतला. तो माणूस जरा चिडला, चिडू द्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, वही घरात ठेवा.

कागदपत्रांची तपासणी घरबसल्याही होते किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष जाऊनही. आम्ही केंद्रात जायचं ठरवलं. मूळ कागद समोर ठेवून बाई एकेक तपासत होत्या, दहावीच्या गुणपत्रिकेतलं आणि आधारवरचं नाव अक्षराअक्षराने जुळवून बघत होत्या. जुळलं. तपासणी झाल्याची पावती घेतली, तिच्या चार झेरॉक्स काढल्या.

जुलैच्या शेवटी पर्याय भरायचे होते. यावरून घरात खूप बोलणं झालं. ह्यांचं म्हणणं पुणे. पुण्याला ह्यांच्या मावसभावाचं घर आहे, कंपन्या आहेत. मुलीचं म्हणणं वालचंद. माझं मन सांगलीकडे होतं हे कबूल करते, आणि त्याला कारण होतं. जतहून सांगलीला एसटीने अडीच-तीन तासांत पोचता येतं, बायकांना निम्मं तिकीट आहे. पोरीला ताप आला तर मी दुपारी निघून संध्याकाळच्या आत तिच्याजवळ असेन. कॉलेजही काही कालचं नाही. १९४७ साली सुरू झालं, १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांचं नाव लागलं, आता स्वायत्त आहे. आमच्या भागातले कितीतरी इंजिनिअर तिथूनच शिकून गेले.

शेवटी मुलीच्या मनाप्रमाणे पहिला पर्याय वालचंद इलेक्ट्रिकल. हे ठरवताना एक नियम डोक्यात पक्का ठेवावा लागतो. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप पक्की होते. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिल्या नंबरवर असंच कॉलेज टाकायचं, जे मिळालं तर त्याच क्षणी बॅग भरायला बसू.

जुलै संपता संपता पहिल्या फेरीची यादी लागली. पहिलाच पर्याय. मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. मुलगी धावत आली, तिला बोलताच येईना, मोबाइल नुसता पुढे धरला. मी पळी भांड्यात ठेवली आणि मुलांच्या समोरच तिला जवळ घेतलं. जागा स्वीकारायचे १००० रुपये ऑनलाइन भरले. भरल्याची पावती आणि वाटपपत्र दोन्ही लगेच छापून घ्या, पुढे महाडीबीटीला, म्हणजे फी माफीच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जालाही, वाटपपत्र लागतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला प्रवेश पक्का करायला सांगलीला गेलो. जतहून येणारी गाडी मिरजेवरून येते. सांगली स्टँडपर्यंत जायची गरज नाही. मिरज सोडली की भारती हॉस्पिटल, मग विजयनगर, तिथेच जिल्हाधिकारी कार्यालय आहे, आणि त्यापुढे विश्रामबाग. कंडक्टरला आधी सांगून ठेवलं तर उतरता येतं. स्टँडवर जाऊन रिक्षाने उलटं यायचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

कॉलेजच्या आतली मोठी झाडं, लांबलचक रस्ते, सायकली, पावसात भिजलेल्या इमारती. शेजारीच विलिंग्डन महाविद्यालय, ते तर १९१९ सालचं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. मी जतला बारावी झाले आणि लग्न झालं. विलिंग्डनला जायचं म्हणून मी एकदा वडिलांजवळ हट्ट केला होता. त्या दिवशी त्या फाटकावरून मुलीला घेऊन पुढे गेले तेव्हा गळा दाटून आला, पण रांग मोठी होती, रडायला सवड नव्हती.

प्रवेशाच्या टेबलावर मूळ कागद जमा होतात, तेव्हा प्रत्येकाच्या किमान पाच-सहा झेरॉक्स आधीच काढून ठेवा आणि सगळं स्कॅन करून स्वतःच्या मेलवर पाठवा. शाळा सोडल्याचा दाखला एकदा जमा झाला की परत चटकन मिळत नाही. आता फीबद्दल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. गावात याचा अर्थ 'मुलींना एक रुपया लागत नाही' असा पोचला आहे. तसं नाही. विकास शुल्क, अनामत, विमा, इतर किरकोळ शुल्कं द्यावी लागतात. शिवाय राहणं, जेवण, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान. मी बचत गटातून थोडे उचलले होते, ते कामाला आले. पण म्हणून या निर्णयाचं मोल कमी होत नाही. तो नसता तर आमच्या घरात आधी धाकट्या मुलाचा विचार झाला असता. हे मी आमच्याच घरचं सांगते आहे, आणि अशी घरं आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत.

त्यानंतर राहण्याचा प्रश्न. वसतिगृहाला अर्ज केला होता, पण मुली जास्त आणि जागा कमी, नाव प्रतीक्षा यादीत. तास सुरू व्हायला थोडे दिवस होते, तेवढ्यात खोली बघायची. आणि नेमका ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळला. कोयनेतून पाणी सोडलं, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली. धोका पातळी ४५ फुटांची. टीव्हीवर सूर्यवंशी प्लॉट, आरवाडे पार्क, दत्तनगर ही नावं यायला लागली, माणसं सामान घेऊन बाहेर पडत होती. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला पुरात नेऊन घालताय व्हय?"

मी म्हटलं, हीच वेळ आहे बघायची. कुठे पाणी येतं आणि कुठे येत नाही, हे उन्हाळ्यात खोली बघून कसं कळणार? आम्ही दोघी निघालो. विश्रामबागेत रस्ते ओले होते, एवढंच. ज्या ज्या घरी खोली बघितली तिथे मी पहिला प्रश्न २०१९ चा विचारला. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, निम्मं शहर पाण्यात होतं. एका काकूंनी सांगितलं की त्यांच्याकडे त्या वेळी सांगलीच्या जुन्या गावभागातले चौदा नातेवाईक येऊन राहिले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यावरून मला कळलं की हा भाग उंचावर आहे. माणसं पुरात जिकडे आश्रयाला जातात तो भाग सुरक्षित, याहून चांगला पुरावा नाही. तरीही गल्लीगल्लीने विचारा, कारण उंच भागातही नाल्याकाठच्या सखल घरांत पावसाचं पाणी तुंबू शकतं.

परत जाताना मुलीला पूर बघायचा होता. आयर्विनवर माणसांची गर्दी. खाली तांबडं पाणी, त्यातून पाण्याबरोबर झाडाचे ओंडके, गवताचे भारे वाहत चाललेले, आणि पुलाच्या कमानींना पाणी घासून जाताना जो आवाज येतो तो पायांतून जाणवतो. मी जतची. माझं अर्धं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलं. घागरी रांगेत मांडून ठेवायच्या, आपला नंबर येईपर्यंत टाकी रिकामी. हीच कृष्णा म्हैसाळजवळ उचलून कालव्याने आमच्याकडे येते, आणि आमच्या ओढ्यात ते पाणी आलं त्या दिवशी बायकांनी ओट्या भरल्या होत्या. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीचं, इथे भय आणि तिथे नवस. मुलगी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, हे पाणी वर चढवायला मोटारी किती लागत असतील गं?" ती इलेक्ट्रिकलला चालली आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट जाणवलं.

खोली बघताना काय बघायचं ते लिहिते, कारण याची माहिती कुठल्याच पुस्तिकेत नाही. विश्रामबाग, नेमिनाथनगर, शंभर फुटी रोडच्या बाजूला, वानलेसवाडीकडे, सगळीकडे मुलींना कॉट बेसिसवर खोल्या मिळतात. आम्ही बघितल्या त्या महिना दोन ते साडेतीन हजारांच्या दरम्यान होत्या. एक खोली फोटोत फार छान होती. आत गेल्यावर मी खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर शेजारची भिंत. नळ सोडला, पाणी नाही. "सकाळी येतं," मालक म्हणाले. किती वाजता, किती वेळ, वर टाकी किती लिटरची, चार मुलींना पुरतं का, याची उत्तरं त्यांच्याकडे नव्हती. गादी उचलून कॉटची फळी बघितली, ढेकणांचे डाग होते. तिथून निघालो. फोटोवर आगाऊ रक्कम पाठवू नका, हे हात जोडून सांगते.

जी खोली घेतली ती दिसायला साधी. तीन मुली, प्रत्येकीला कपाट आणि टेबल, टेबलाजवळ स्वतंत्र प्लग, खिडकीतून उजेड. खाली काका-काकू स्वतः राहतात. भाडं २५००, एका महिन्याची अनामत. डबा दोन वेळचा २८०० रुपये महिना, रविवारी रात्री सुट्टी. काकूंनी मला चहा दिला आणि मुलीला विचारलं, "रात्री अभ्यासाला कितीपर्यंत जागतेस गं बाळा?" दिवा कधी बंद करायचा यावर नियम असतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जाग की. माझी पोरगी पण अशीच शिकली." पैसे तिथेच दिले.

पैसे द्यायच्या आधी मात्र दोन कामं केली. पहिलं, कॉलेजच्या फाटकापासून त्या घरापर्यंत संध्याकाळी साडेसातला मुलीबरोबर चालत गेले. दिवे कुठे आहेत, कुठे नाहीत, कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं, कुठे कुत्री जमतात, हे दिवसा दिसत नाही. त्या वाटेवर एक औषधांचं दुकान आणि एक वाचनालय उशिरापर्यंत चालू असतं, दोन्हीकडे मी मुलीची ओळख करून दिली. "दादा, ही माझी मुलगी, इथेच राहणार आहे, लक्ष असू द्या." दुकानातले दादा हसले, पण त्या दिवसापासून ते तिला नावाने हाक मारतात. दुसरं काम भाडेकराराचं. ओबीसी मुलामुलींना बाहेर राहून शिकताना मदत म्हणून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्या अर्जासाठी भाड्याने राहत असल्याचा कागद लागतो, आणि काही घरमालक लिहून द्यायला तयारच होत नाहीत. आधीच्या एका घरी म्हणूनच बोलणं मोडलं. काकांनी लगेच होकार दिला. अनामत देण्याआधी हे विचारून घ्या, नंतर अडून बसतात.

गणपतीच्या आधी सामान नेलं. बादली, गादी, दोरी, कुकर नको पण स्टीलचा डबा हवा, छत्री आणि रेनकोट दोन्ही. एवढं सगळं एसटीच्या टपावर. ह्यांनी सगळं खोलीत लावून दिलं आणि निघताना मुलीशी काहीच बोलले नाहीत, नुसतं टेबलाचा पाय हलतो का ते पुन्हा एकदा बघितलं. परतीच्या गाडीत कवठेमहांकाळ येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो.

पहिला महिना तिला जड गेला. तास इंग्रजीत, आजूबाजूच्या मुली पुण्या-मुंबईच्या, त्या भराभर बोलायच्या. रोज रात्री फोनवर आवाज बारीक. मी फोन ठेवून रडायचे, तिच्यापुढे नाही. मग तिला तासगावची एक मैत्रीण मिळाली, मराठी माध्यमातलीच. दोघी मिळून शब्दांची वही करायला लागल्या आणि मागच्या बाकावरून पुढे आल्या. गणिताच्या मॅडमना एकदा धीर करून विचारलं, तर त्यांनी तासानंतर थांबून पुन्हा समजावून सांगितलं. विचारायला लाजू नकोस, हे मी शंभरदा सांगितलं होतं. पण मॅडमनी समजावून सांगितल्यावरच तिची भीड चेपली. सुट्टीच्या दिवशी दोघी गणपती मंदिरात जातात, येताना भडंग आणतात.

सप्टेंबरपासून महाडीबीटी. फी माफीची रक्कम त्यातूनच मंजूर होते, म्हणून 'प्रवेश झाला, आता काय' म्हणून सोडून देऊ नका. मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं असणं आणि त्याच खात्यात शासनाचे पैसे जमा होतील असं बँकेत नोंदवलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग झालंय का' असं स्पष्ट विचारा. रेशनकार्ड, वाटपपत्र, फीची पावती, उत्पन्नाचा दाखला, व्हॅलिडिटी, सगळं पुन्हा एकदा वाचता येईल असं स्कॅन करून चढवायचं. अर्ज केला की आधी कॉलेजच्या पातळीवर तपासला जातो. मुलीने संबंधित खिडकीवर जाऊन अर्जाचा क्रमांक दाखवला, एक कागद अस्पष्ट होता तो तिथेच कळला, त्याच दिवशी बदलला. महिनाभर पोर्टलकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं. पुढच्या प्रत्येक वर्षी हा अर्ज नव्याने पुढे न्यावा लागतो, हजेरी आणि निकाल दोन्ही लागतात.

आधार योजनेचा अर्ज दिला आहे, अजून निकाल यायचा आहे. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नंबर पुढे सरकला होता, पण मुलगी म्हणाली, वर्ष पुरं होईपर्यंत काकूंकडेच राहते. नवं नॉन क्रिमीलेअर काढायचं का, याची चौकशी एप्रिलमध्ये करणार आहे. सासऱ्यांच्या रजिस्टरच्या उताऱ्याच्या आणखी झेरॉक्स काढून दिरांकडे दिल्या, त्यांची मुलगी यंदा अकरावीला आहे. एकाच घराण्यात व्हॅलिडिटी निघालेली असली की रक्ताच्या नात्यातल्या दुसऱ्या मुलांचं काम पुष्कळ सोपं होतं, वंशावळ तेवढी जुळली पाहिजे.

जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडून कुणी मुलीला घेऊन विश्रामबागेत खोली बघायला येणार असेल तर रविवारी या. मी महिन्यातून एकदा तरी तिथे असते, संध्याकाळी साडेसातला तुमच्याबरोबर चालत येईन.